दावणीला बांधलेले एन्झाइम

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, हे मला अजूनही बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. तरीही हा लेख मराठीत लिहिते आहे. कारण मराठी विभागाचे संपादक आमच्या क्लासचे आणि ते म्हणाले, "कविता २३ आल्या आहेत, त्यातल्या १९ पावसावर. टेक्निकल लेख एकही नाही." माझी रूममेट सोलापूर जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले आहेत. उरलेल्या चुका माझ्या.

विषय आहे आमच्या मिनी प्रोजेक्टचा. पचन करणारी एन्झाइम्स नॅनोपार्टिकल्सवर पक्की बांधून ठेवायची आणि ती पुन्हा पुन्हा वापरायची. यादीत हाच विषय शेवटी उरला होता म्हणून आम्हाला मिळाला, आवड वगैरे काही नव्हती. पण या विषयाने माझ्या घरातली एक चूक पकडून दिली. ती चूक वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरीही होत असेल, असं वाटलं म्हणून लिहायला बसले.

पोटातला कारखाना

आधी एन्झाइम म्हणजे काय ते पाहू. रूममेट सांगते की मराठी पुस्तकात याला 'विकर' म्हणतात. हे एक प्रोटीन असतं आणि ते कॅटॅलिस्टचं काम करतं. म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवतं आणि स्वतः मात्र संपत नाही. केमिकलच्या मुलांना कॅटॅलिस्ट म्हटलं की तापलेला रिअ‍ॅक्टर आणि प्रेशर गेज आठवतो. आपलं शरीर हेच काम ३७ डिग्रीला, साध्या पाण्यात करतं.

मेसमधला वरण-भात तोंडात गेला की लाळेतलं अमायलेज भातातल्या स्टार्चवर काम सुरू करतं. जठरात पेप्सिन डाळीतलं प्रोटीन तोडायला घेतं. तिथे इतकं आम्ल असतं की पीएच दोनच्या आसपास जातो आणि पेप्सिनला नेमकं तेच आवडतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅनक्रियासचा रस येतो. त्यात ट्रिप्सिन प्रोटीनसाठी, लायपेज चरबीसाठी आणि पुन्हा अमायलेज स्टार्चसाठी. इथे पीएच सातच्या वर असावा लागतो. प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं आणि दुकानाची वेळही ठरलेली.

पेप्सिनचा शोध थिओडोर श्वान यांनी १८३६ साली लावला. ट्रिप्सिनला नाव दिलं विल्हेल्म क्यूने यांनी १८७६ मध्ये आणि 'एन्झाइम' हा शब्दही त्यांचाच. कारखान्यात ही मंडळी यायलाही फार वेळ लागला नाही. पूर्वी कातडं मऊ करायला चर्मकार कुत्र्याची विष्ठा वापरायचे. जर्मनीत ऑटो र्‍योम यांनी १९०७ च्या सुमारास ओळखलं की खरं काम त्यातली प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स करतात. मग त्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स वापरून तेच काम स्वच्छपणे करून दाखवलं. त्याच माणसाने १९१३ मध्ये कपडे धुण्यासाठी ट्रिप्सिन वापरायचं पेटंट घेतलं. आपल्याकडे तर मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावायची पद्धत जुनीच. त्यात काम करतं ते पपेन, तेही प्रोटीन तोडणारंच.

आमची पहिली फजिती

प्रोजेक्टसाठी आम्ही ट्रिप्सिनची एक बाटली मागवली. एवढीशी बाटली आणि किंमत मेसच्या जवळजवळ एका महिन्याच्या बिलाएवढी. ती डिपार्टमेंटच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. शुक्रवारी संध्याकाळी मला सोमवारच्या कामाची घाई. रोज रोज वजन करायला नको म्हणून मी बरीचशी पावडर एकदमच पीएच आठच्या बफरमध्ये विरघळवली आणि बीकर टेबलावर ठेवून घरी गेले.

सोमवारी ते द्रावण अगदी स्वच्छ दिसत होतं. दुधाच्या पातळ द्रावणात टाकलं. काहीच होईना. माझा पार्टनर म्हणाला, कंपनीने खराब माल दिला. सरांनी बीकरकडे पाहिलं आणि विचारलं, "ट्रिप्सिन काय खातं?" मी म्हटलं, "प्रोटीन." "आणि ट्रिप्सिन स्वतः काय आहे?"

झालं. बीकरमध्ये खायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा ट्रिप्सिनने ट्रिप्सिनलाच खाल्लं होतं. याला ऑटोलायसिस म्हणतात. म्हणूनच ते साठवायचं असेल तर थंड आणि सौम्य आम्लात ठेवतात, कारण तिथे त्याला काम करता येत नाही. चूक सर्वस्वी माझी होती. नुकसान मात्र दोघांच्या खिशाला. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एन्झाइमचे दोन मोठे दोष मला असे रोख पैसे मोजून कळले. पहिला, ते नाजूक असतं. उष्णता, चुकीचा पीएच, किंवा एकमेकांचं सान्निध्य, कशानेही बिघडतं. दुसरा, ते पाण्यात विरघळतं. काम झाल्यावर त्याला मालातून परत वेगळं करणं म्हणजे चहात विरघळलेली साखर परत डब्यात भरणं. म्हणजे कॅटॅलिस्ट संपत नाही हे खरं, पण दरवेळी तो गटारातच जायचा!

बांधून ठेवायची कल्पना

यावर उपाय काय? एन्झाइमला कशावर तरी बांधून ठेवायचं. इंग्रजीत याला इमोबिलायझेशन म्हणतात. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन या दोघांनी पाहिलं की यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम कोळशाच्या भुकटीवर चिकटून बसलं तरी साखर तोडायचं काम करत राहतं. खरा कारखाना मात्र १९६९ मध्ये उभा राहिला. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेलं एन्झाइम कॉलममध्ये भरलं. वरून कच्चं द्रावण सोडायचं, खालून अमिनो आम्ल घ्यायचं. एन्झाइम जागच्या जागी.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर अँटिबायोटिक्स. हॉस्टेलमध्ये दात दुखला की कुणीतरी अमॉक्सिसिलिन खातंच. ते बनवण्यासाठी पेनिसिलिनच्या रेणूची एक बाजू अलगद कापावी लागते. आधी हे रासायनिक पद्धतीने करत, उणे ४० डिग्रीच्या आसपास, त्रासदायक सॉल्व्हंट वापरून. आता पेनिसिलिन असायलेज हे बांधलेलं एन्झाइम तेच काम पाण्यात आणि साध्या तापमानाला करतं, आणि तोच माल पुन्हा पुन्हा वापरता येतो.

मग नॅनो कशासाठी?

बांधायला खुंटा हवा. खुंटा जितका लहान, तितकी एकूण जागा जास्त. हिशोब सोपा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. म्हणजे सातहून जास्त बॅडमिंटन कोर्ट, तेही एका फाशाएवढ्या मालात! ट्रिप्सिनचा एक रेणू साधारण ४ नॅनोमीटरचा. म्हणजे सोललेल्या नारळाला दोन-चार लिंबं चिकटवावीत, असं काहीसं ते माप.

पण एवढे बारीक कण पाण्यातून गाळणार कसे? फिल्टर पेपरमधून ते सरळ निघून जातात. म्हणून खुंटा लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा घ्यायचा. बाहेरून चुंबक लावला की कण एका कडेला गोळा होतात. कण २० नॅनोमीटरपेक्षा लहान असले की आणखी एक गंमत होते. चुंबक काढला की त्यांची चुंबकशक्तीही जाते, त्यामुळे ते एकमेकांना धरून बसत नाहीत आणि हलवलं की परत पसरतात. सिलिका, सोनं आणि कोळंबीच्या सालींपासून मिळणारं कायटोसान यांचेही नॅनोकण वापरतात. पण आमच्या बजेटमध्ये लोखंडच बसत होतं.

लॅबमधले दिवस

मॅग्नेटाइट बनवायची कृती ऐकायला सोपी आहे. फेरस एक भाग, फेरिक दोन भाग, पाण्यात विरघळवायचं, नायट्रोजन सोडत राहायचं आणि अमोनिया घालायचा. क्षणात काळाकुट्ट साका तयार होतो. आमचा पहिला साका तपकिरी झाला. कारण कपाटातलं फेरस सल्फेट जुनं होतं, हिरव्या खड्यांवर पिवळट थर चढलेला. म्हणजे फेरसचं आधीच फेरिक होत आलेलं. नवीन बाटली आणली, नायट्रोजन नीट सोडला आणि काळा रंग आला. चुंबक आम्ही एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून काढला. इतका जोरदार की एकदा माझं बोट चिमटलं.

आता बांधणी. मॅग्नेटाइटवर आधी एक सिलेन चढवायचं. त्याचं एक टोक कणाला धरतं आणि दुसऱ्या टोकाला अमिनो गट मोकळा राहतो. मग ग्लुटारल्डिहाइड. याला दोन्ही बाजूंना हात असतात. एका हाताने तो कणावरचा अमिनो गट पकडतो आणि दुसऱ्या हाताने एन्झाइममधल्या लायसीनचा. झाली गाठ पक्की.

तपासणीसाठी महागडं काही नव्हतं. दूध पावडरचं पातळ द्रावण परीक्षानळीत घेतलं आणि मागे कागदावर फुली मारली. दूध पांढरं असेपर्यंत फुली दिसत नाही. ट्रिप्सिनने दुधातलं केसिन तोडलं की द्रावण नितळ होतं आणि फुली दिसते. घड्याळ लावून बसायचं. आमचे कण काळे असल्यामुळे दरवेळी आधी चुंबकाने बाजूला ओढायचे, मग फुली पाहायची.

पहिल्याच दिवशी फुली दिसली आणि आम्ही कॅन्टीनमध्ये वडापाव खाऊन आलो. सरांनी पुन्हा एकच प्रश्न विचारला, "बांधलंय, की नुसतं चिकटलंय?" त्यांनी कण चुंबकाने पूर्ण बाहेर काढायला लावले आणि उरलेल्या पाण्यात नवीन दूध घालायला सांगितलं. ते दूधही नितळ झालं! म्हणजे एन्झाइम सुटून पाण्यात आलं होतं. खुंट्याला बांधलेलंच नव्हतं, नुसतं टेकून उभं होतं. पुढच्या वेळी कण बफरने नीट धुतले, शेवटच्या धुवणात काही सुटत नाही याची खात्री करून घेतली आणि मगच घड्याळ लावलं. फुली या वेळी उशिरा दिसली, पण ती खरी होती. तेच कण धुऊन परत वापरले, परत फुली दिसली. तो दिवस मात्र मी विसरणार नाही.

आप्पांची दोरी

माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मिरजेजवळच्या गावी असतात. त्यांचं स्वादुपिंड जुन्या दुखण्याने जवळजवळ निकामी झालं आहे. शस्त्रक्रियाही झाली. त्यामुळे त्यांच्या पोटात पुरेसं लायपेज, ट्रिप्सिन येत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरत जातं. डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायला पॅनक्रियाटिनच्या कॅप्सूल दिल्या आहेत. ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं. आप्पा माळकरी. एक दिवस गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पांडुरंगाला माझं मी सांगेन."

फोनवर त्यांनी विचारलं, "काय करताय तुम्ही कॉलेजात?" मी सांगितलं, "एन्झाइमला बांधून ठेवतो." ते लगेच म्हणाले, "म्हणजे दावणीला. दोरी किती लांब ठेवताय?" मला वाटलं थट्टा करतायत. "अगं, दोरी आखूड झाली तर बैलाचं तोंड वैरणीपर्यंत पोचत नाही. बांधलेला बैल उपाशी राहतो."

मी दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर त्यात हेच लिहिलेलं. त्याला स्पेसर आर्म म्हणतात. एन्झाइम कणाला अगदी खेटून बसलं, किंवा त्याची काम करायची जागा, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह साइट, कणाच्या बाजूला वळली, तर अन्नाचा रेणू तिथे पोचतच नाही. केसिनसारखे मोठे रेणू तर मुळीच नाही. ग्लुटारल्डिहाइड जास्त झालं तर एन्झाइमला सगळीकडून गाठी बसतात आणि ते आखडून जातं. आमची फुली उशिरा दिसत होती त्याची कारणं हीच. बांधलं की थोडा वेग जातोच. त्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो, आणि एकमेकांना खायचं तेवढं थांबतं, कारण दोन खुंट्यांवरचे बैल एकमेकांपर्यंत सहसा पोचत नाहीत.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. त्याच फोनवर आईने विचारलं, "इतकी नाजूक असतात का गं ही?" मी ऐटीत सांगितलं, "हो तर. अंडं उकडलं की परत कच्चं होतं का? तसंच. गरम झालं की संपलं." आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मी आप्पांची कॅप्सूल उघडून गरम आमटीत घालते. त्यांना गिळायला त्रास होतो ना."

आठ महिने असंच चाललं होतं. डॉक्टरांनी 'जेवणाबरोबर द्या' सांगितलं, आईने जेवणात दिली. पाकीट महाग म्हणून एकही कण वाया जाऊ नये यासाठी ती आमटी चांगली ढवळून द्यायची. त्या कॅप्सूलमध्ये साधारण मिलिमीटरभर आकाराच्या गोळ्या असतात आणि प्रत्येकीवर एक आवरण असतं. पॅनक्रियासचं लायपेज पीएच चारच्या खाली कायमचं बिघडतं, म्हणून जठरातल्या आम्लापासून वाचवायला ते आवरण. आतड्यात पीएच साडेपाचच्या वर गेला की ते विरघळतं. गरम आमटीत ढवळलं, चावलं किंवा कुटलं, की आवरणही जातं आणि एन्झाइमही.

आम्ही डॉक्टरांना परत विचारलं. ते म्हणाले, कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून सफरचंदाच्या थंड गरासारख्या मऊ, आंबट पदार्थावर घाला, न चावता लगेच गिळा आणि वर पाणी प्या. आता आई तसंच करते. आप्पांचं वजन उतरायचं थांबलं आहे. आई मात्र अजून स्वतःला दोष देते. मी तिला माझ्या शुक्रवारच्या बीकरची गोष्ट सांगितली. लॅबमध्ये शिकत असलेल्या मुलीलाही जे कळलं नाही, ते तिला कुठून कळणार?

आज कुठे, उद्या कुठे

खरं सांगायचं तर आप्पांच्या कॅप्सूलमध्ये नॅनो काहीही नाही. मोठ्या कारखान्यांतही आज बहुतेक ठिकाणी साबुदाण्यासारखे मोठे मणीच वापरतात, कारण ते कॉलममध्ये भरता येतात आणि सांभाळायला सोपे. नॅनोकण एकमेकांना चिकटून गोळे होतात, हजारो लिटरच्या टाकीभोवती चुंबक लावणंही सोपं नाही. माल पोटात द्यायचा असेल तर कण शरीरात कुठे जातात, किती दिवस राहतात, हेही तपासावं लागतं.

तरी कामं चालू आहेत. प्रोटीनचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत चुंबकी कणांवर बांधलेलं ट्रिप्सिन वापरतात. एरवी रात्रभर ठेवावं लागणारं प्रोटीन काही मिनिटांत तुटतं आणि ट्रिप्सिनचे स्वतःचे तुकडे नमुन्यात फारसे मिसळत नाहीत. साखर तपासायच्या पट्टीवरही बांधलेलं एन्झाइमच असतं. त्याची सुरुवात लेलँड क्लार्क यांच्या १९६२ च्या एन्झाइम इलेक्ट्रोडपासून झाली. आणि अमेरिकेत २०१५ मध्ये एका छोट्या उपकरणाला मान्यता मिळाली. नळीने अन्न द्यावं लागणाऱ्या रुग्णांसाठी ते आहे. नळीच्या वाटेत एक डबी जोडायची, आत मण्यांवर बांधलेलं लायपेज. अन्न डबीतून जाताना चरबी तुटते आणि लायपेज डबीतच राहतं. यातले मणी नॅनो नाहीत, पण कल्पना तीच. पचन शरीराच्या बाहेर, वाटेतच!

तर मंडळी, आमच्या प्रोजेक्टला मार्क किती पडतील ते बाहेरून येणारे परीक्षक ठरवतील. तुम्ही एवढं करा. घरी कुणाला अशा कॅप्सूल चालू असतील तर आज रात्री फोन करून विचारा, त्या नेमक्या कशा घेतात. आणि ट्रिप्सिन विरघळवून शुक्रवारी घरी जाऊ नका.

सुट्टीत आप्पांना मी काळे कण आणि तो हार्ड डिस्कचा चुंबक दाखवायला नेणार आहे. दोरी किती लांब ठेवली, ते ते विचारतीलच.